रक्ताच्या एका थेंबात पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, कर्ज यांबद्दल नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राबद्दल. तुम्ही म्हणाल, ताई, त्याचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट लेकीच्या लग्नाशी आहे.

या विषयात पेशी, प्रथिनं, आनुवंशिकता, उत्क्रांती असे धडे असतात. मुलं व्याख्या पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून काही शिक्षक उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी आपल्या भागातला चालू प्रश्न घ्यायचा, मग त्याच्या उत्तरासाठी जो धडा लागेल तो उघडायचा. प्रश्न कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा असेल, डेंग्यूचा असेल. मी आज सिकलसेलचा घेते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, नंदुरबार या भागांत हा आजार घरोघरी माहीत आहे. आदिवासी समाजांत तो जास्त दिसतो, पण इतर समाजांतही आहे.

पहिला धडा पेशीचा. निरोगी माणसाची लाल रक्तपेशी गोल आणि लवचीक असते. बारीक रक्तवाहिनीतूनही ती वाकून निघून जाते आणि साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. इंग्रजीत सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी रक्तवाहिनीत अडकतात, म्हणून हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. त्या १० ते २० दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त कमी होतं आणि डोळे पिवळे दिसतात. आपण त्याला वात म्हणतो, कावीळ म्हणतो आणि झाडपाल्यात महिने घालवतो. लोहाच्या गोळ्यांनीही हा आजार जात नाही, कारण मूळ दोष लोहाच्या कमतरतेचा नाही.

मग दोष कशात? इथे दुसरा धडा येतो, प्रथिनांचा. रक्तपेशीत हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. त्याची एक साखळी १४६ मण्यांची असते. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो. तेवढ्यानं, प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखं होतं आणि पेशी वाकते. या विळ्यासारख्या पेशींची नोंद डॉक्टरांनी पहिल्यांदा १९१० साली अमेरिकेत छापली. तो रुग्णही कॉलेजात शिकणारा तरुण होता. मण्याचा हा बदल १९५६-५७ मध्ये इंग्रामनं शोधला.

तिसरा धडा आनुवंशिकतेचा, आणि तो आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक बाळाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. एकच प्रत सिकलची असेल तर माणूस वाहक, म्हणजे एएस. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही प्रती सिकलच्या असतील तर तो रुग्ण, म्हणजे एसएस.

वर्गात हे दोन नाण्यांनी शिकवता येतं. एक नाणं आईचं, एक वडिलांचं, दोघंही वाहक. छापा म्हणजे निरोगी प्रत, काटा म्हणजे सिकलची. दोन्ही काटे पडले तर बाळ रुग्ण. साठ मुलांनी दहा-दहा वेळा नाणी उडवली तर सहाशेपैकी साधारण दीडशे वेळा दोन काटे येतात, म्हणजे चारात एक. पण एकट्या मुलाच्या पहिल्या चार फेकींत दोन काटे कदाचित एकदाही येणार नाहीत किंवा दोनदाही येऊ शकतील. यातून मुलांना कळतं की नाण्याला मागची फेक आठवत नाही. ‘पहिलं बाळ आजारी, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा. प्रत्येक बाळंतपणात धोका तेवढाच, २५ टक्के. आणखी एक गोष्ट कळते. दोन काटे पडायला दोन नाणी लागतात. मग बाळ आजारी निघालं की दोष एकट्या सुनेच्या माथी का?

चौथा धडा उत्क्रांतीचा. त्रास देणारं जनुक इतक्या पिढ्या टिकलं कसं? सिकलची एकच प्रत असलेल्या बाळांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे १९५४ मध्ये ॲलिसननं दाखवलं. जिथे मलेरिया फार होता, तिथे हे जनुक टिकून राहिलं. ना तो शाप, ना कोणाचं पाप.

आता लग्नाचं. पहिल्या वर्षाची मुलगी अठरा-एकोणीसची असते. घरी स्थळं येऊ लागलेली असतात. मुलगा-मुलगी दोघांनाही हे वेळेवर सांगण्याची तीच जागा. एकदा लग्न झालं, बाळ झालं, की तीच माहिती दुःख होऊन समोर येते.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट ठरवलं गेलं. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबाची विद्राव्यता चाचणी आधी होते. मिश्रण गढूळ झालं तर सिकल आहे. पण माणूस वाहक की रुग्ण, हे पुढच्या चाचणीतच कळतं. तो दुसरा अहवाल घेतल्याशिवाय थांबू नका.

एक गोष्ट मात्र जपायची. अहवाल ज्याचा त्याचा. वर्गात किंवा बैठकीत नावं वाचायची नाहीत. वाहक मुलीचं लग्न थांबायचं काही कारण नाही. जोडीदार निरोगी प्रतींचा असेल तर त्यांचं बाळ या आजाराचा रुग्ण होत नाही, फार तर वाहक होईल. दोघं वाहक असतील, तर लग्नाआधी आणि गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तेव्हा मैत्रिणींनो, पत्रिका जुळवताना दोघांचे रक्ताचे अहवालही शेजारी ठेवा. आणि कॉलेजात जाणाऱ्या लेकीला आज संध्याकाळी दोन नाणी देऊन हा धडा शिकवायला सांगा. शिकवताना तीही पक्कं शिकेल. तपासणीसाठी आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.