पोकळीचं माप (भाग ५) : अकोल्यात काटा ७६०ला का टेकत नाही?

व्हॅक्यूम पंप नवा, जोड घट्ट, तेलही ताजं. तरी गेजचा काटा ७३५च्या आसपास येऊन अडतो. तबकडीवर तर आकडे ७६०पर्यंत छापलेले. “गेज बिघडलं जी,” असा निकाल लागतो आणि नवं गेज आणलं जातं. तेही तिथंच अडतं.

यात गेजचा दोष नाही. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचावर आहे. तिथं हवेचा दाबच पाऱ्याच्या ७३५ मिलिमीटरांच्या घरात. सगळी हवा उपसली तरी त्याहून जास्त उणं होणार कुठून? अमरावती जरा उंच, तिथं ७३०. तोच पंप चिखलदऱ्याला नेला तर काटा ६६५च्या आसपासच थांबेल. शिवाय जानेवारी आणि जूनमधल्या हवेच्या दाबात आठ-दहा मिलिमीटरांचा फरक पडतो, तो वेगळाच.

हे असं का, ते गेजची काच उघडली की दिसतं. आत चपटी करून अर्धगोल वाकवलेली फॉस्फर ब्राँझची नळी असते. फ्रान्सच्या यूजेन बोर्डननं १८४९मध्ये तिचं पेटंट घेतलं. जत्रेतली कागदी पुंगी फुंकली की उलगडते, तशी ही नळी आतला दाब वाढला की सरळ व्हायला बघते. आतली हवा काढली की आणखी वळते. तिचं बंद टोक जेमतेम काही मिलिमीटर हलतं. त्याला जोडलेली काडी एक दातेरी चाप ओढते, चाप छोट्या पिनियनला फिरवतो आणि पिनियनवर काटा बसवलेला असतो. दात्यांमधली ढिलाई काट्यात उतरू नये म्हणून बारीक हेअरस्प्रिंग तिथं कायम ताण देत असते. नळीच्या बाहेरून मात्र आपली नेहमीची हवाच असते. त्यामुळे गेज दाखवतं तो आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक.

हा पंप लावतात तो एसीसाठी. एसीत गॅस भरण्याआधी नळ्यांतली ओल काढायची असते. ४० अंशांना पाणी ५५ मिलिमीटर दाबाखाली उकळतं, म्हणजे अकोल्याच्या उन्हाळ्यात काटा ६८०च्या पुढं गेला की ओलीची वाफ व्हायला लागते. पण काम पुरतं झालं असं म्हणायला दाब ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर यावा लागतो. एक टक्का अचूकतेचं गेज ७६०च्या पट्टीवर साडेसात मिलिमीटर चुकू शकतं. तिथं अर्धा मिलिमीटर कसा वाचणार? तो काट्याच्या जाडीतच हरवतो.

म्हणून अचूक गेज बाहेरच्या हवेशी तुलनाच करत नाही. तुलनेसाठी स्वतःची पोकळी जवळ बाळगतं. कपॅसिटन्स गेजमध्ये पातळ धातूचा ताणलेला पडदा असतो. एका बाजूला मोजायचा दाब, दुसऱ्या बाजूला कायमची सीलबंद पोकळी. त्या पोकळीत चुकार रेणू शोषून घेणारा पदार्थही ठेवलेला असतो. पडदा किंचित फुगला की सिरॅमिक चकतीवरच्या इलेक्ट्रोडपासूनचं त्याचं अंतर बदलतं, आणि तेवढ्यानं बदललेली विद्युतधारिता मोजून दाब काढला जातो. वायू कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भोवतालच्या तापमानाचा परिणाम होऊ नये म्हणून यातली काही गेजं आतून ४५ अंशांवर तापवून ठेवतात. अर्थात बाहेर त्याहून कमी तापमान असेल हे गृहीत धरून! मे महिन्यातल्या अकोल्याचा विचार त्यात झालेला दिसत नाही.

मेकॅनिकच्या पेटीत असतं ते मायक्रॉन गेज स्वस्त आणि वेगळ्या युक्तीचं. मार्चेल्लो पिरानीनं १९०६मध्ये वापरलेलं तत्त्व असं : तापलेल्या तारेची उष्णता भोवतालचे रेणू वाहून नेतात, रेणू विरळ झाले की तार कमी निवते. मात्र प्रत्येक वायू उष्णता वेगळ्या प्रमाणात नेतो. हवेसाठी जुळवलेलं गेज नळीत गॅस उरला असेल तर चुकतं.

पंप न लावता नुसता गॅस सोडून “हवा काढतो” म्हणणाऱ्याला मी तरी एसीला हात लावू देणार नाही. पंप लावणाऱ्यालाही एक सांगावं : ५०० दिसल्यावर व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांब. आकडा थोडा चढून स्थिर झाला तर ओल शिल्लक आहे, पंप पुन्हा चालू कर. थांबायचं नावच घेईना, तर कुठंतरी गळती आहे. आधी गेजचेच जोड तपास.