पाणी गुलाबी झालं, म्हणजे प्रदूषणच?

पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत निष्कर्ष बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो: माणसाने निसर्ग बिघडवला. मग त्याला शोभतील अशी चित्रं चिकटवली जातात. काय बिघडलं, कशामुळे आणि किती, हे शोधायचं राहून जातं. यामागचे काही गैरसमज विद्यार्थ्यांइतकेच मोठ्यांमध्येही रुजलेले आहेत.

जे विचित्र दिसतं ते प्रदूषणच, असं आपण चटकन धरून चालतो. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पातळी घटून पाण्याचा खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी रंगलं होतं. लोणारला सांडपाण्याचा प्रश्नही आहे, पण त्याचा पुरावा पाण्याच्या तपासणीतून द्यावा लागेल. गुलाबी फोटो त्याला पुरणार नाही.

माणसाचा हात असूनही तो दिसत नाही, असंही घडतं, आणि ते जास्त गंभीर आहे. १९९० च्या दशकात भारतात गिधाडं झपाट्याने संपू लागली. रोग, कीटकनाशकं असे तर्क झाले. अखेर पाकिस्तानात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मेलेल्या गिधाडांच्या शरीरात डायक्लोफिनॅक सापडलं. गुराढोरांना दिलं जाणारं हे साधं वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. शंभरातलं एखादंच मढं दूषित असलं तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असा हिशोब अभ्यासकांनी मांडला. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. चिमणीतून धूर नाही, नदीत फेस नाही, तरीही पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. प्रकल्पासाठी याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

‘ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते’ हे वाक्यही अनेक तक्त्यांवर दिसतं. तापमानवाढीचं मुख्य कारण कार्बन डायऑक्साइड. ओझोनचा थर विरळ झाल्याने धोका वाढतो तो अतिनील किरणांचा. त्यासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला.

राहिली मांडणी. जगाचे मोठमोठे आकडे उतरवले की प्रकल्प वजनदार होतो, असं नाही. गावच्या नदीला नाला मिळतो तिथे, संगमाच्या वर आणि खाली, एकाच दिवशी पाण्याचं तापमान आणि सामू मोजा. काळी-पांढरी चकती दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहा. तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा पाऊस नोंदवा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. आलेखावर एकक लिहा. फरक आढळला नाही, तर तसंच स्पष्ट लिहा. परीक्षकांनीही त्यासाठी गुण कापू नयेत.