हौसेला मोल नाही!

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र हे वाक्य शब्दश: खरे ठरते. स्पोर्ट्स कार घेतली, तिला मोठा टर्बो बसवला, चाके बदलली, मागे विमानासारखा पंख लावला आणि या साऱ्यावर गाडीच्या निम्म्या किमतीइतका पैसा ओतला, तरी विकायच्या दिवशी त्यातला फार थोडा परत येतो. पुष्कळदा तर न बदललेल्या गाडीपेक्षा ही गाडी स्वस्तात जाते. सोनाराकडे दागिना मोडायला नेणाऱ्या गृहिणीला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळ मिळत नाही. गाडीच्या बाबतीत कधी कधी सोनेही कमी भरते.

टोयोटाच्या सुप्रा गाडीची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. तिची चौथी पिढी १९९३ साली आली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या ट्विन टर्बो सुप्राचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे होते. तीन लिटरच्या त्या सहा सिलिंडरी इंजिनाचा बिडाचा ब्लॉक इतका दणकट, की टर्बो, इंजेक्टर आणि इंजिनाचा संगणक बदलून ताकद दुपटीवर नेणारे हौशी पुष्कळ निघाले. २००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटात नारिंगी सुप्रा धावली आणि ही लाट आणखीच उसळली. तोवर अमेरिकेतील तिची विक्री १९९८ मध्ये थांबली होती. २००२ मध्ये उत्पादनही बंद झाले. नव्या गाड्या येईनात आणि होत्या त्यांच्यावर हौशी मंडळींचे पाने चालू. परिणाम असा झाला, की कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली सुप्रा दुर्मिळ झाली. मार्च २०१९ मध्ये फ्लॉरिडातील अमेलिया आयलंडच्या लिलावात १९९४ ची, कमी चाललेली आणि मूळ रूपातली एक सुप्रा १ लाख ७३ हजार ६०० डॉलरला गेली. नवी असताना अशी गाडी ४० हजार डॉलरच्या आसपास मिळत असे. ज्याने गाडीला हात लावला नाही, त्याचेच उखळ पांढरे झाले!

असे का व्हावे? गाडी बदलणारा स्वत:च्या आवडीने बदलतो. तिची किंमत मात्र दुसराच कोणी ठरवतो. त्या दुसऱ्याला जांभळा रंग नको असतो, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर नको असतो. शिवाय त्याच्या मनात शंका येते. ताकद वाढवली म्हणजे गाडी दामटली असणार. क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांच्यावर किती ताण पडला असेल? काम जाणत्या मेकॅनिकने केले, की कोपऱ्यावरच्या गॅरेजात रात्रीत उरकले? या शंकांची किंमत तो भावातून कापून घेतो.

सारेच बदल सारखे नसतात. चाके, सीट, स्टेअरिंग, म्युझिक सिस्टीम या गोष्टी काढून मूळच्या बसवता येतात. पण चेसिस कापणे, पिंजरा बसवण्यासाठी पत्र्याला भोके पाडणे, मूळ इंजिन काढून दुसरे घालणे, हे परतीचे दोर कापण्यासारखे आहे. ज्याचे चेसिस आणि इंजिन क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतात, त्या गाडीसाठी संग्राहक म्हणूनच जादा पैसे मोजतात.

याला अपवाद आहेत. चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली नारिंगी सुप्रा जून २०२१ मध्ये लास व्हेगासच्या लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. पण ते दाम पंखाला आणि स्टिकरला नव्हते. चित्रपटाला आणि २०१३ साली अपघातात गेलेल्या त्या नटाच्या आठवणीला होते. जर्मनीतील रूफ या कंपनीने पोर्शेच्या सांगाड्यावर घडवलेल्या गाड्याही मूळ पोर्शेहून महाग विकल्या जातात, कारण त्यांच्यामागे नाव आहे, नोंदी आहेत.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार थोड्या, पण सेकंडहॅण्ड गाडीला ‘स्पोर्टी’ करण्याची हौस घरोघरी आहे, आणि इथे भावाबरोबर कायद्याचाही प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेला मूळ तपशील आरसी पुस्तकातल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिस रोडरोलर फिरवतात, ती छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतीलच. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो. म्हणून चिरंजीव ‘एवढे सगळे फिटिंग फुकटात मिळतेय’ म्हणून एखादी गाडी दाखवायला नेतील, तेव्हा वडिलांनी आधी आरसी पुस्तक मागावे. रंग, इंजिन क्रमांक आणि इंधन पडताळून पाहावे. मग ओळखीच्या मेकॅनिकला खालून गाडी दाखवावी.

आणि ज्याला कायद्यात बसणारी हौस करायचीच आहे, त्याने काढलेला प्रत्येक मूळ भाग जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवावा, बिले फाइलला लावावीत. विकताना गाडी मूळ रूपात आणावी आणि हौसेचे सामान वेगळे विकावे. दोन्ही मिळून अधिक पैसे येतात. बाकी जो खर्च झाला तो त्या दिवसांच्या आनंदाचा. लग्नातल्या रोषणाईचे पैसे कोणी परत मागत नाही, तसेच हे!