तराजूचे वजन

नियम काटेकोर पाळणारा मनुष्य निष्ठुर होतो आणि प्रसंग पाहून वागणारा हळूहळू तत्त्वशून्य होतो, हा पेच प्रत्येक नीतिविचारापुढे उभा राहतो. प्राचीन चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या (इ. स. पू. ५५१–४७९) परंपरेने त्यावर केलेले चिंतन मननीय आहे.

त्या परंपरेत आचारधर्माला, म्हणजे ‘ली’ला, फार मोठे स्थान. देताघेताना स्त्रीपुरुषांच्या हातांचा स्पर्श होऊ नये, हा त्यातलाच एक दंडक. इ. स. पू. चौथ्या शतकातील आचार्य मेन्शियस यांना छुन्‌यू खुन नावाच्या वादपटूने विचारले, की भावजय पाण्यात बुडत असेल तर तिला हात द्यावा काय? मेन्शियस म्हणाले, न देणारा माणूस नव्हे, लांडगाच! स्पर्श टाळणे हा आचार. हात देणे हे ‘छ्वान’.

‘छ्वान’चा मूळ अर्थ तराजूचे वजन. माल बदलला की वजन बदलावे लागते. पण दांडी सरळ ठेवायची असते, ती प्रत्येक वेळी.

खुनने मग दुसरा डाव टाकला : आज सारे जगच बुडते आहे, मग आपण हात का देत नाही? तत्त्वे थोडी वाकवून राजांशी जुळवून घ्या, असा त्याचा रोख. मेन्शियस यांनी बजावले, की भावजयीला हाताने वाचविता येते, जगाला मात्र सन्मार्गानेच. तो मार्गच सोडला, तर वाचवावयाचे कशाने?

खुद्द कन्फ्यूशियसने समारंभात रूढ कापडाच्या टोपीऐवजी रेशमी टोपी मान्य केली, कारण तीत काटकसर होती. परंतु राजाला पायऱ्यांखालून वंदन करण्याऐवजी वर चढून करण्याची नवी रीत त्याला उद्दामपणाची वाटली. ती त्याने सर्वांविरुद्ध जाऊनही नाकारली.

मग सवलत खरी की सोयीची, हे ओळखावे कसे? ‘वसंत-शरद’ या इतिहासग्रंथावरील गोंगयांग भाष्यात त्याची कसोटी आहे : नियमाला मुरड घालताना हानी स्वतः सोसावी, दुसऱ्यावर लादू नये.

शाळेत ही कसोटी मला वारंवार आठवते. उशिरा धापा टाकीत आलेल्या मुलाला परीक्षेस बसू देणे आणि ओळखीच्या गृहस्थांच्या मुलाला चार गुण वाढवून देणे, या दोहोंना आपण ‘सवलत’च म्हणतो. पहिलीचा जाब आपल्याला द्यावा लागतो. दुसरीची किंमत मात्र एक निरपराध विद्यार्थी मोजतो, आणि त्याला ते कधी कळतही नाही.