शिक्का नसलेला हार कुठला?

बेंगळुरूच्या चिकपेट-अव्हेन्यू रोड परिसरातून चांदी, तांबे आणि पितळ एकत्र असलेला जुना हार हाती आला, तरी तेवढ्यावरून तो कर्नाटकी ठरत नाही. विक्रीची जागा हे घडणीच्या जागेचे प्रमाण नव्हे. शिक्का नाही म्हणून तो हलका किंवा बनावट ठरवणेही चूक आहे. भारतात सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली आणि चांदीचे २००५ साली सुरू झाले; पितळ-तांब्याला ते लागूच नाही. म्हणून हार उलटा करून पाहावा. ठशावर ठोकलेल्या पातळ पत्र्याच्या पाठीवर नक्षीची खोलगट छाप दिसते, ओतीव मणी भरीव आणि जड लागतो, बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. झाळलेले सांधे कारागिराच्या हाताची सवय सांगतात, कडीची झीज वापराची.

नक्षीवरूनच का ओळखू नये? कारण नक्षीची नक्कल सहज होते आणि कारागीर स्थलांतर करतात; बेंगळुरूच्या सराफीत बंगाली कारागीर कित्येक वर्षे काम करत आहेत. एक्स-रे तपासणी पृष्ठभागातले धातूंचे प्रमाण सांगते, गाव नाही. कारण जुनी मोड वितळवून नवा दागिना घडतो. दोरा आणि फासा तर अनेकदा बदललेले असतात. तेव्हा पाठ, सांधे आणि झीज एकाच दिशेने बोलली, तरच प्रदेशाचे नाव घ्यावे. एरवी ‘घडणीची जागा अज्ञात’ एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे. चुकीचे गाव चिकटवले, की खऱ्या कारागिराची उरलीसुरली ओळखही पुसली जाते.