उपग्रहाचे दप्तर

22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 ने जे 20 उपग्रह अंतराळात नेले, त्यांत सुमारे सव्वासातशे किलोंचा कार्टोसॅट होता, तसाच पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ही होता, परंतु उपग्रह थोर असो वा लहान, अग्निबाणावर आरूढ होण्यापूर्वी त्याच्या मालकास सारा तपशील लेखी रुजू करावा लागतो, हे उड्डाणाचा सोहळा पाहणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही.

या दप्तराचा गाभा म्हणजे ‘इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट’, म्हणजे मालक व प्रक्षेपण करणारी संस्था या उभय पक्षांनी सह्या केलेला करारनामाच: वस्तुमान, गुरुत्वमध्य, जोडणीची मापे, कक्षा, विलग होण्याचा वेग, सारे त्यात निश्चित होते. मला स्वतःला या दप्तरात सर्वाधिक मोह पडतो तो उपग्रहाच्या गणिती प्रतिकृतीचा. ती अग्निबाणाच्या प्रतिकृतीशी जोडून, उड्डाणात कोणत्या भागावर किती भार येईल हे आधीच काढतात, आणि दोहोंचे नैसर्गिक कंपनांक जवळ आल्यास अनुनादाने सांगाडा निकामी होण्याचे भय असल्यामुळे, किमान कंपनांकाची अट अग्निबाणाच्या ग्राहक-पुस्तिकेत ठळकपणे नमूद केलेली असते. इंधन, दाबाच्या टाक्या, बॅटऱ्या यांविषयीचा सुरक्षेचा मसुदा निराळा. त्याच्या मंजुरीखेरीज उपग्रहास प्रक्षेपणतळावर प्रवेश नाही.