सायलर खरंच सुधारला का?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह)

मराठी विभागात इंग्रजी मालिकेवर लेख कशाला, असं काही जणांच्या मनात येईलच. त्याचं उत्तर सोपं आहे. मालिका इंग्रजी असली तरी तिच्यावरून आमच्या मजल्यावर होणारी भांडणं अस्सल मराठीत होतात! त्यातलं एक भांडण गेल्या सेमिस्टरपासून चालू आहे आणि मेसच्या टेबलापर्यंत पोचलं आहे. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

मालिकेचं नाव ‘हीरोज’. सीनियर्सकडून ज्युनियर्सकडे वारसाहक्काने येणाऱ्या एका हार्ड डिस्कवर ती आम्हाला सापडली. २५ सप्टेंबर २००६ रोजी ती अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा आमच्यापैकी बहुतेक जणी पाळण्यात होत्या. ८ फेब्रुवारी २०१० ला चौथ्या सीझनबरोबर ती संपली. ज्यांना अजून बघायची आहे त्यांनी इथेच पान उलटावं, कारण पुढे मी सगळं सांगून टाकणार आहे. नंतर तक्रार चालणार नाही.

कल्पना अशी की जगात ठिकठिकाणी साध्यासुध्या माणसांना अचानक शक्ती मिळतात. टोकियोच्या ऑफिसात फायली सरकवणारा हिरो नाकामुरा काळ थांबवू शकतो. टेक्सासमधल्या क्लेअर बेनेटच्या जखमा आपोआप भरून येतात. न्यूयॉर्कचा नर्स पीटर पेट्रेली ज्याच्या जवळ जाईल त्याची शक्ती स्वतःत ओढून घेतो. आणि आपल्या चेन्नईचा जनुकशास्त्रज्ञ मोहिंदर सुरेश या सगळ्यांचा शोध घेत हिंडतो. (चेन्नईच्या माणसाचं नाव मोहिंदर आणि बापलेक दोघांचं आडनाव सुरेश! आमची तमिळ रूममेट हे ऐकून पाच मिनिटं हसत होती.)

या सगळ्यांत खलनायक म्हणजे सायलर. खरं नाव गेब्रियल ग्रे, न्यूयॉर्कमध्ये घड्याळं दुरुस्त करणारा एक लाजाळू माणूस. एखादी गोष्ट आतून कशी चालते हे त्याला नुसतं बघून कळतं, हीच त्याची शक्ती. (व्हायव्हाच्या आदल्या रात्री ही मिळाली तर काय बहार येईल!) पण घड्याळं उघडता उघडता तो माणसांची डोकी उघडायला लागतो. दुसऱ्याचा मेंदू बघितला की त्याची शक्ती याला मिळते आणि तो दुसरा जीव गमावतो. झॅकरी क्विंटो या नटाने हे काम इतकं जबरदस्त केलं आहे की अंगावर काटा येतो.

पुढे ही मालिका सायलरला चांगला करायला निघते, आणि तिथेच आमच्यात दोन गट पडले. पहिला गट म्हणतो, “अगं, तो बिचारा होता. त्याच्या शक्तीबरोबर ती भूक आली, त्याचा काय दोष?” दुसरा गट म्हणतो, “खुनी तो खुनी. दिसायला बरा आहे म्हणून माफ करता की काय?” मी दोन्ही गटांत राहून बघितलं. मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो आहोत.

यूटीएमवरचा रॉड

इंग्रजीत ज्याला ‘कॅरेक्टर आर्क’ म्हणतात ते म्हणजे पात्राचा प्रवास. कथेच्या सुरुवातीला माणूस एका जागी असतो, शेवटी दुसऱ्या जागी. मधे काय घडलं म्हणून तो हलला, ते दाखवणं हे लेखकाचं काम.

सेकंड इयरला एसओएमच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड ओढला आहे. सुरुवातीला लोड काढला की रॉड पुन्हा पहिल्या लांबीवर येतो. यील्ड पॉइंट ओलांडला की मात्र तो कायमचा लांबतो. नंतर लोड काढला तरी जुनी लांबी परत येत नाही. माणसाच्या बदलाचं मला तसंच वाटतं. परिस्थितीचा दाब असेपर्यंत चांगलं वागणं हा लवचिकपणा झाला. दाब निघून गेल्यावरही जे टिकतं, तोच बदल.

याच मालिकेत याचं उत्तम उदाहरण आहे, ते म्हणजे क्लेअरचे वडील नोआ बेनेट. जाड फ्रेमचा चष्मा लावणारा हा माणूस सुरुवातीला चक्क व्हिलन वाटतो. एका गुप्त कंपनीसाठी तो शक्ती असलेल्या माणसांना पकडतो आणि क्लेअरलाही त्या कंपनीनेच त्याच्याकडे सोपवलेलं असतं. खरं म्हणजे ही भूमिका छोटी होती, पण जॅक कोलमनने ती अशी केली की तो मुख्य नटांमध्ये गेला. २६ फेब्रुवारी २००७ ला दाखवलेल्या ‘कंपनी मॅन’ या भागात त्याला नोकरी आणि मुलगी यांतलं एक निवडावं लागतं. तो मुलगी निवडतो. आणि ती कुठे आहे हे आपल्याकडून कुणालाही काढून घेता येऊ नये म्हणून तो साथीदाराला सांगून स्वतःवर गोळी झाडून घेतो आणि आपली स्मृती पुसून घेतो. बोलला किती, काहीच नाही. किंमत मात्र रोख मोजली. त्यानंतर तो कितीही खोटं बोलला, तरी क्लेअरसाठी तो काहीही करील याबद्दल आपल्याला शंका उरत नाही. रॉड कायमचा लांबला!

सायलरचं काय झालं?

आता सायलरकडे येऊ. तिसऱ्या सीझनचा पहिला खंड २२ सप्टेंबर ते १५ डिसेंबर २००८ या काळात दाखवला गेला, एकूण १३ भाग. एवढ्यात काय काय झालं बघा. अँजेला पेट्रेली त्याला सांगते की मीच तुझी आई. लगेच तो कंपनीचा एजंट बनून नोआबरोबर कामाला लागतो. एका भविष्यात तो एप्रन बांधून लहान मुलासाठी नाश्त्याला वॉफल करताना दिसतो! मग तो आर्थर पेट्रेलीच्या बाजूला जातो. मग एल नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. मग कळतं की पेट्रेली कुटुंबाशी त्याचं काहीही नातं नाही, ती थाप होती. झालं! तो एलला मारतो आणि पुन्हा पहिल्यासारखा.

म्हणजे दाब आला की चांगला, दाब गेला की जैसे थे. स्प्रिंगच म्हणा ना. आणि स्प्रिंगसुद्धा फार वेळा ताणली की फटिगने तुटते. इथे सायलर तुटला नाही, बघणाऱ्यांचा विश्वास तुटला. चौथ्यांदा तो रडायला लागला तेव्हा आमच्या रूममध्ये कोणीतरी शांतपणे मॅगी करायला उठलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘रेटकॉन’. नंतर काहीतरी नवं सांगून जुन्या घटनेचा अर्थच बदलून टाकायचा, याला हा शब्द आहे. याच खंडात आपल्याला दाखवतात की पहिल्या खुनानंतर सायलर पश्चात्तापाने जीव द्यायला निघाला होता, आणि एल व नोआ यांनी त्याच्यासमोर सावज ठेवून त्याला पुन्हा खून करायला लावला. पहिल्या गटाचा हा हुकमी एक्का आहे. प्रसंग चांगला लिहिला आहे हे मीही मान्य करते. पण त्याने काय झालं? तो असा का झाला याचं कारण मिळालं. कारण मिळणं म्हणजे हिशेब चुकता होणं नव्हे. बॉयलर का फुटला हे रिपोर्टमध्ये लिहिलं म्हणून भाजलेला माणूस बरा होत नाही.

लेखकांनी असं का केलं?

इथे लेखकांना नुसत्या शिव्या घालून उपयोग नाही, कारण त्यांच्यापुढच्या अडचणी खऱ्या होत्या. मालिकेचा जनक टिम क्रिंग याची मूळ कल्पना अशी होती की दर सीझनला नवी माणसं आणि नवी कथा. पण पहिल्या सीझनचे २३ भाग इतके गाजले की तीच माणसं ठेवणं भाग पडलं. सायलरची कथा मे २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या चौकात तलवार आरपार गेली तिथेच संपू शकली असती. ती संपली नाही, कारण तो सगळ्यांचा आवडता झाला होता. आता आवडत्या खुन्याला दर आठवड्याला पडद्यावर ठेवायचं, तर एक तर तो हिरोंना एकेक करून संपवणार, नाहीतर सुधारणार. तिसरा मार्ग कुठला?

पीटरचंही तेच. भेटेल त्याची शक्ती घेणारा माणूस २३ भागांत इतका बलवान झाला की त्याच्यापुढे कुठलंच संकट टिकेना. डिझाइनमध्ये लिमिट घातली नाही की असं होतं. मग दुसऱ्या सीझनला त्याची स्मृती घालवा, तिसऱ्याला वडिलांकडून त्याच्या सगळ्या शक्ती काढून घ्या आणि शेवटी एका वेळी एकच शक्ती द्या. हा नियम पहिल्या दिवशी केला असता तर बिचाऱ्याला एवढे धक्के खावे लागले नसते.

त्यात ५ नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेतल्या पटकथा लेखकांचा संप सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला. दुसरा सीझन ठरलेल्या २४ ऐवजी ११ भागांतच गुंडाळावा लागला. विषाणूच्या साथीची पुढची कथा रद्द झाली, शेवट बदलला. पीटरची आयरिश मैत्रीण केटलिन त्या साथीच्या भविष्यकाळात अडकली होती. ते भविष्यच पुसलं गेलं आणि केटलिन पुन्हा कधी दिसली नाही. तिची कोणी साधी चौकशीसुद्धा करत नाही, पीटरही नाही! त्याच नोव्हेंबरमध्ये क्रिंगने मुलाखतीत मोकळेपणाने कबूल केलं होतं की कथा फार संथ झाली, हिरोला जुन्या जपानात फार काळ ठेवलं आणि प्रेमप्रकरणं या मालिकेला मानवत नाहीत. सांगायचा मुद्दा काय, तर अडचणी समजून घेता येतात, पण त्यांची खूण पात्रांवर उमटतेच. पहिला भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला होता. शेवटच्या भागाला त्याच्या एक तृतीयांशही उरले नाहीत.

भिंत आणि वारूळ

पण गंमत अशी की फार थोडे लोक उरले होते, तेव्हाच या लेखकांनी सायलरची सगळ्यात चांगली गोष्ट लिहिली. एप्रिल २००९ मध्ये सायलर पीटरच्या भावाला, नेथनला, मारतो. २०१० मध्ये मॅट पार्कमन सायलरला त्याच्याच मनात कोंडून घालतो. ओसाड शहर, आजूबाजूला एकही माणूस नाही. पीटर त्याला न्यायला आत शिरतो आणि तोही अडकतो. समोर एक विटांची भिंत. ‘द वॉल’ या भागात दोघं मिळून ती फोडत बसतात, वर्षानुवर्षं. (बाहेरच्या जगात काही तासच जातात.) शक्ती चालत नाहीत, चोरायला कोणाचा मेंदू नाही. आहे तो फक्त एक माणूस, ज्याचा भाऊ आपण मारला, आणि त्याच्याबरोबर रोज जेवायचं.

हे बघताना मला आजीकडून ऐकलेला वाल्या कोळी आठवला. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सेंट पॉलची गोष्ट शिकवली, पण वाल्याचा वाल्मीकी मी घरीच ऐकला. एका खुनाला एक खडा, असे सात रांजण भरलेले. पापात वाटेकरी व्हाल का, असं तो घरच्यांना विचारतो आणि ते नाही म्हणतात. तिथे त्याचा यील्ड पॉइंट येतो. मग अंगावर वारूळ चढेपर्यंत तप. आजीने कधी म्हटलं नाही की परिस्थितीने त्याला तसं केलं म्हणून तो सुटला. तो बसून राहिला म्हणून सुटला. सायलरलाही ‘मी चांगला आहे’ असं शंभरदा बोलून जे जमलं नाही, ते त्या भिंतीपुढे थोडंसं जमलं. बाहेर आल्यावर शेवटच्या भागात तो खरोखर एका मुलीचा जीव वाचवायला जातो.

मग पहिला गट जिंकला का? थांबा. त्या ओसाड शहरात पीटर त्याला मदत करतो, त्याच्याबरोबर राहतो, तरी नेथनबद्दल माफ करणं त्याला जड जातं. आमच्या रूममध्ये यावर खूप वेळ वाद झाला. तेव्हा एरवी गप्प बसणारी एक जण म्हणाली, “रांजणातल्या खड्यांना कोणी विचारलं का?” सगळ्या एकदम गप्प झाल्या. कारण ती सायलरबद्दल बोलत नव्हती, हे आम्हाला कळत होतं. फर्स्ट इयरला जिने तिला रडवलं ती आता खूप चांगली वागते, सगळ्यांची लाडकी आहे, आणि ‘सोड ना आता’ असं सगळे हिलाच सांगतात.

तेव्हा मला हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत हे लक्षात आलं. माणूस बदलला का, हे त्याच्या वागण्यावरून कोणीही सांगू शकतं: त्याने किंमत मोजली का, आणि दाब गेल्यावर बदल टिकला का. पण त्याला माफ करायचं का, हे ठरवण्याचा हक्क फक्त ज्याच्यावर बेतलं त्याचा आहे. तो हक्क ना लेखकाचा, ना चाहत्यांचा, ना रूममेट्सचा. सायलर शेवटी थोडा सुधारला असं माझं मत आहे. आणि पीटरने त्याला कधीच माफ केलं नसतं, तरीही ते बरोबरच ठरलं असतं.

असो. ज्यांनी मी सांगूनही पान उलटलं नाही, त्यांनी पहिला सीझन जरूर बघावा. हार्ड डिस्क दुसऱ्या मजल्यावर आहे. मात्र पीएलमध्ये मागायला येऊ नये, ही नम्र विनंती!